ऐकून घेतलं

जयवंताकाकू कित्येक वर्षं मनाच्या आजाराच्या गोळ्या घेत होत्या. त्या उपकेंद्रात आल्या की आधीच्या नर्सबाई म्हणायच्या, "आली बघा येडी! आज काय नवीन?" नव्या स्वरूपा सिस्टर मात्र बारामतीला मानसिक आजारांचं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. अशा रुग्णाला हसायचं नाही, शांतपणे ऐकून घ्यायचं, हे त्या मनापासून शिकल्या होत्या.

त्या दिवशी काकू म्हणाल्या, "सिस्टर, छातीवर पाटा ठेवल्यागत झालंय. डाव्या हातातबी कळ येतीया."

सिस्टरांनी त्यांचा तोच हात हातात घेतला. "काकू, मनावर ताण आला की असं होतं. घाबरायचं नाही. बोला, काय सलतंय?"

काकू खूप वेळ बोलल्या, रडल्या आणि हसऱ्या चेहऱ्याने घरी गेल्या. त्यांचा रक्तदाब बघायचं सिस्टरांना सुचलंच नाही.

चार दिवसांनी काकूंचे यजमान, रामहरीतात्या, उपकेंद्राच्या दारात हात जोडून उभे राहिले. "जयवंता गेली, सिस्टर. हार्ट अटॅक आला म्हणं. पर तुमचे लई उपकार. तिला पयल्यांदा कुणीतरी माणसागत वागवलं."

सिस्टरांनी विचारलं, "तात्या, दुखायला लागल्यावर लगेच बारामतीला का नाही नेलंत?"



"जीप दारात आणली हुती, पर तीच बसंना. म्हणली, तितले डॉक्टर हसत्याल. उद्या आपल्या सिस्टरकडंच जाऊ, त्यास्नीच माझं कळतं."