झबल्याचा काठ

मातीला नेण्याआधी बारकूला आंघोळ घालायची होती. त्याच्या आईचे, मंजीचे, हात चालेनात, म्हणून अंगणवाडीच्या कुंदाबाई पुढे झाल्या. त्यांनी लेकराच्या अंगातलं झबलं काढलं आणि त्या थबकल्या. एवढुशा कापडाला एवढं वजन कुठून आलं? त्यांनी काठ चाचपला. आत शिशाच्या गोळ्या होत्या, मासे धरायचं जाळं बुडावं म्हणून त्याला लावतात तसल्या. बारीक टाके घालून शिवलेल्या.

नदीकाठच्या त्या कातकरी वाडीत बारकूचं वजन काही केल्या वाढत नव्हतं. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करताना कुंदाबाई मंजीला सगळ्या बायांदेखत बोलायच्या, "आई आहेस ना गं तू?" ज्याचं वजन वाढेल त्या पोरासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, ही पद्धतही त्यांनीच पाडलेली.

गेल्या खेपेला थंडी फार होती. झबलं राहू दे अंगात, असं त्याच म्हणाल्या होत्या. झोळीत बसवल्यावर काटा पुढे सरकला, टाळ्या वाजल्या, आणि बारकूला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं ते राहूनच गेलं.

"मंजे, कशापायी केलंस गं हे?" कुंदाबाईंनी झबलं तिच्यापुढे धरलं.

मंजी लेकराची इवली पावलं पदराने पुसत होती. तिने मान वर केली नाही.

"तुमी लय बोलायच्या, बाई. त्या दिशी हसलात. समद्यांनी टाळ्या वाजवल्या." तिने दुसरं पाऊल पुसायला घेतलं. "बारकूनं पण वाजवल्या."