लागलं नाही, बाईसाहेब

या, जरा जवळ सरकून बसा. पॅरिसच्या एका नाचाची गोड गोष्ट सांगतो.

ज्या चौकात क्रांतिकारकांनी फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतचं मस्तक उतरवलं, तिथेच जुलैतल्या क्रांतीच्या सणाला उन्हं कलताना अकॉर्डियन वाजतं, सगळे नाचतात. पाव भाजणारा आन्सेल्म फुलवाल्या सोलांजसोबत नाचायला उभा राही, आणि दर वर्षी गाणं अर्ध्यावर सोडून पळून जाई.

"यंदा पळालास तर माझ्या दुकानासमोरच्या खाटकाशी लग्न करीन हं!" सोलांजने दम दिला.

"नाही गं पळत."

गिरकी रंगात आली आणि पुन्हा तेच झालं. त्याच्या पायावर एक हलकं पाऊल पडलं. सोलांजचं नव्हे, तिचे दोन्ही पाय त्याला समोर दिसत होते. कानाशी थकलेला बायकी आवाज आला, "माफ करा, मुद्दाम नाही केलं."

वधाच्या चौथऱ्यावर जल्लादाच्या पायावर पाय पडला, तेव्हा राणी हेच म्हणाली होती म्हणतात. 'पाव नसेल तर केक खा' हे ती कधी बोललीच नाही, तरी ते वाक्य आन्सेल्मच्या गिऱ्हाइकांना तोंडपाठ. हे मात्र कुणाच्या ध्यानात नाही.

पण यंदा आन्सेल्म पळाला नाही. टोपी काढून म्हणाला, "लागलं नाही, बाईसाहेब."

पाऊल अलगद उचललं गेलं.

सोलांज खुदकन हसली. "अरे, माझ्या दोन्ही गालांचा मुका कुणी घेतला? ओठ किती गार!"

मंडळी, गर्दीत कुणाचा पाय तुमच्या पायावर पडला, तर देवाचं नाव घ्या आणि त्या बाईची आठवण ठेवा.