पाठवणाऱ्याचा पत्ता

मुलांनो, अशी कल्पना करा: आईच्या संगणकावर टिंग वाजतं, पाठवणाऱ्याच्या जागी तुमच्या बाबांचं नाव येतं, आणि बाबांना जाऊन तर वर्ष होत आलेलं असतं.

छकूच्या घरी अगदी असंच व्हायचं. कुणा भामट्याने बाबांचं नाव चोरलं होतं. त्या नावाने कधी स्वस्त बूट विकायला यायचे, कधी केस वाढवायचं तेल. या चोरांना जिवंत माणसं कमी पडली वाटतं, असं मावशी म्हणायची. छकू मात्र त्यातली एकूण एक ईमेल उघडायची. आईच्या जिवाला घोर लागला होता. पोरगी भोळी, आज नुसती उघडते, उद्या बाबांनी सांगितलं म्हणून नको तिथे टिचकी मारली तर?

आईचं कामच मुळी एका कचेरीची ईमेलची पेटी राखायचं. सुट्टीच्या दुपारी तिने छकूला शेजारी बसवून घेतलं. नाव म्हणजे नुसता मुखवटा, तिने समजावलं. तो कुणीही लावावा. खरी ओळख पत्त्याची. आता आपली पेटी पत्त्याची खातरजमा करील, आणि जे खोटं निघेल त्याला दारातूनच परत धाडील.

तिने बाबांच्या नावावर टिचकी मारली. मागचा पत्ता उघडा पडला. आकड्याअक्षरांचा नुसता गुंता.

“बघितलंस? हे बाबा नाहीत गं.”

“मला पहिल्यापासून माहितीये,” छकू म्हणाली. “पत्ता मी पण बघते. पण नाव आलं ना, की उघडेपर्यंत बरं वाटतं.”

आईचा हात तिथेच थांबला. तिने हळूच विचारलं, राहू देऊ का मग असंच? छकूने नाही म्हणून मान हलवली. बाबांच्या नावाने कुणी तेल विकलेलं तिलाही आवडत नव्हतं. तिने स्वतःच खातरजमेची कळ दाबली.

आता पेटी विचारू लागली, तुमच्या ओळखीचे पत्ते कोणते? आई डोळे पुसत म्हणाली, आधी मावशीचा घाल, मग शाळेतल्या बाईंचा. छकूने कीबोर्ड जवळ ओढला आणि सगळ्यात पहिला, कुठेही न अडखळता, बाबांचा खरा पत्ता लिहिला.