स्क्रूड्रायव्हर आणि कान

चाळीस वर्षं जोगेश्वरीत गॅरेज चालवतोय मी. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, की आवाज नेमका कुठून येतोय ते कळतं. धाकट्या भावाला, चंदूलाही हे मीच शिकवलं.

सकाळी आमचं जुनं गिऱ्हाईक, नमिता, आली. "काका, गाडी सुरू केली की टकटक वाजतं."

मी तिच्याकडून किल्ली घेतली, गाडीत जाऊन बसलो, बॉनेट उघडून बाहेर आलो. स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले.

"वॉटर पंपाचं बेअरिंग गेलंय."

डोळे उघडले तेव्हा नमिता गोंधळून चंदूकडे बघत होती, आणि तो तिला गप्प राहायला खुणावत होता.

"बरोब्बर, दादा!" चंदू म्हणाला. "मला पण तोच आवाज येतोय. काय कान आहे तुझा!"

"तुला येतोय ना गं आवाज?" मी नमिताला विचारलं.

"हो काका," ती मान खाली घालून म्हणाली.

मी हात पुढे केला. किल्ली माझ्या तळहातावर होती. गाडी मी सुरूच केली नव्हती.



"चंदू, आता तरी खरं बोल. मी दुरुस्त केलेल्या किती गाड्या माझ्यामागे परत उघडल्यास तू?"

त्याने हातातलं फडकं उगाच पिळलं.

"गेल्या गणपतीपासून सगळ्याच, दादा."