बिननावाचा स्कॅन

नवं मशीन बसवून चार दिवस झाले होते आणि तेवढेच दिवस मोठे डॉक्टर हरवलेल्या घड्याळावरून सगळ्यांवर डाफरत होते. आज मात्र पडद्यावर मेंदूचा एक स्कॅन बघता बघता त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"इकडे ये गं पोरी," त्यांनी टेक्निशियनला हाक मारली. "अल्झायमरची अगदी पहिली पायरी आहे बघ. त्या बिचाऱ्याला स्वतःला अजून पत्ताही नसेल. पण यावर नाव का नाही?"

"सोमवारचा आहे, सर. कंपनीच्या माणसानं चाचणीसाठी काढलेला. मी रजेवर होते. नुसता लॉकर नंबर लिहिलाय, सात."

"मग शोधून काढ कोण ते! घरच्यांना बोलावून घे. फार सांभाळून सांगावं लागेल."

मशीनमध्ये झोपण्याआधी अंगावरचं धातूचं सगळं लॉकरमध्ये काढून ठेवायचं, हा तिथला नियम. त्यावरून तरी ओळख पटेल म्हणून तिनं सोमवारपासून बंद असलेला सात नंबर उघडला.

 

आत मोठ्या डॉक्टरांचं घड्याळ होतं.