पाठकोरी बाजू

“कॉमिकमधून ही गटाराची चित्रं काढून टाक,” सर स्क्रीनवर बोट आपटत म्हणाले. “क्लासचे कॉम्प्युटर ठेकेदारसाहेबांनी दिलेत. उद्या प्रदर्शनाला तेच येणारेत. तुझं मांजर गोड आहे, तेवढंच ठेव.”

आम्रपालीचा बाप त्याच ठेकेदाराच्या कामावर गटारात उतरला, तो जिवंत वर आलाच नाही. कागदोपत्री तो दारू पिऊन पडला. आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस. पोलिसांनी तिचं ऐकलं नाही, म्हणून ती कॉमिक काढायला शिकली.

तिने चित्रं काढून टाकली, पानांवर फक्त मांजर ठेवलं. एकाच कागदाला मध्ये चीर देऊन घड्या घातल्या की आठ पानांची पुस्तिका होते, आणि पाठकोरी बाजू आत लपते. त्या बाजूवर तिने अख्खं गटार छापलं. आत बाप, वर तोंडाला रुमाल लावून उभा ठेकेदार.

प्रदर्शनात लोक मांजर बघून ‘क्यूट’ म्हणत आणि पुस्तिका पर्समध्ये टाकत. उलगडून कुणीच बघेना.

ठेकेदाराने पानं चाळली. “झकास गं पोरी. मांजर कुणाचं?”

“बापाचं. बाप आत आहे, साहेब,” असं म्हणून तिने त्याच्या हातातच कागद उलगडला.

लोक वाकून बघू लागले. तो घाईघाईने कागद मिटायला गेला. पण ती घडी शिकावी लागते. त्याला काही केल्या जमेना.