नवं बिऱ्हाड

शर्वरीने जाळी लावलेली ढेकणांची बाटली दंडावर दाबून धरली. त्या प्रयोगशाळेत ढेकणांना आपलंच रक्त पाजायची रीत होती. या ढेकणांच्या पोटातले जिवाणू औषधाने मारले होते. त्यांच्यावाचून ढेकणांचा वंश वाढत नाही, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम छातीठोकपणे सांगत. पण बाटलीत पांढरी अंडी दिसत होती.

“मॅडम, जुने जिवाणू परत आले?”

“नवे आलेत,” सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न काढता मॅडम म्हणाल्या. “जुन्यांचं काम हाती घेऊन बिऱ्हाड थाटून बसलेत. अगं, तापाने फणफणलेली असतानाही तू यांना पाजलंस?”

“उपाशी मेले असते हो.”

“तुझ्या तापाचेच जंतू आहेत हे.”

शर्वरीने बाटली झटकन काढली.

“तुझ्या रजेत यांना मी पाजलं,” शाल घट्ट लपेटत मॅडम म्हणाल्या. “कालपासून मलाही कणकण आहे.”